हितं घर न्हाय

आमची बिल्डिंग नकाशात नव्हती. लहान काढली होती किंवा भलत्या जागी काढली होती, असं नव्हे. नव्हतीच. तिच्या जागी भाताची खाचरं दाखवली होती आणि त्या खाचरांच्या बरोब्बर मधून दोन समांतर लाल रेघा हायवेच्या दिशेने सरळ निघून गेल्या होत्या. मी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. रेघा तिथंच.

“काय गं, काय झालं?” ह्यांनी मागून विचारलं.

“आपण रस्त्यात राहतोय,” मी म्हटलं.

ह्यांना वाटलं, मी नेहमीसारखी तिरकस बोलतेय. मी त्यांचं बोट धरून नकाशावर टेकवलं. हा नाला, हा पेणकरपाडा, ह्या आपल्या पुढच्या दोन बिल्डिंगी, आणि ह्या रेघा. साठ फुटी डी.पी. रोड. ह्यांचा चेहरा असा उतरला की मला माझी भीती विसरून त्यांनाच बसायला खुर्ची शोधावी लागली.

नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट. मीरा-भाईंदरचा विकास आराखडा, तोच तो डी.पी., तयार होत होता. म्हणजे पुढची वीसेक वर्षं गाव कसं वाढणार, रस्ते कुठून जाणार, शाळा कुठे, बाग कुठे, बाजार कुठे, मसणवट कुठे, हे सगळं नकाशावर आखायचं. त्याचा कच्चा मसुदा एका हॉलमध्ये भिंतीवर लावला होता. लोकांनी येऊन बघावा आणि हरकत असेल तर लेखी द्यावी, असं पेपरात आलं होतं. आमच्या सोसायटीतलं कुणीही जाणार नव्हतं. मी गेले, कारण मी भाईंदरच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि नकाशा म्हटलं की मला राहवत नाही. कुणाला लग्नाच्या पत्रिका वाचायचा सोस असतो, मला नकाशांचा.

आम्ही गिरगावातली भाड्याची खोली सोडून मीरा रोडला आलो त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. स्वतःची जागा! दोन खोल्या, किचन, आणि वाळत घालायला हक्काची गॅलरी. नातेवाईक म्हणायचे, “कुठे त्या मिठागरात जाऊन राहिलात?” मी म्हणायचे, “मिठागरात का असेना, भिंतीला खिळा ठोकताना मालकाला विचारावं लागत नाही.” आणि आता सरकारी नकाशा म्हणत होता, खिळा सोडा, भिंतच नाही.

हॉलमध्ये टेबलाशी एक साहेब बसले होते. आराखड्याच्या ऑफिसातले. सभ्य माणूस, पण कंटाळलेला. मी विचारलं, “इथे आमची तीन मजली बिल्डिंग आहे. ती कुठे गेली?”

“बाई, पाहणी झाली तेव्हा तिथे शेती असेल.”

“पाहणी कधी झाली?”

“झाली काही वर्षांपूर्वी.”

“म्हणजे जुन्या नकाशावर नवा रस्ता आखलात तुम्ही?”

साहेबांनी माझ्याकडे नीट बघितलं. “तुम्ही काय करता?”

“भूगोल शिकवते!” मी जरा जास्तच मोठ्याने बोलले. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. ह्यांनी माझा दंड धरला. पण मला खरंच कळत नव्हतं. मोजणीवाले फिरले त्या वर्षी आमच्या जागी भात होता, हे मान्य. पुढच्या दोन बिल्डिंगी आमच्याआधी उभ्या राहिल्या म्हणून त्या नकाशात आल्या, हेही मान्य. पण इथे तर आठवड्याला नवं बांधकाम सुरू होतंय, रस्त्यावरून जाताना रोज एक शेत कमी दिसतंय, आणि हे लोक जुना कागद पुढ्यात घेऊन वीस वर्षांचं ठरवतायत?

“हरकत द्या,” साहेब म्हणाले. “पण नुसतं पत्र नको. प्रत्यक्ष काय आहे ते मोजून, नकाशा काढून द्या. त्याचा विचार होतो.”

घरी येऊन सोसायटीत सांगितलं, तर हलकल्लोळ. आमचे सेक्रेटरी गुजराती होते, कापडाच्या धंद्यातले, भला माणूस, पण घाबरट. त्यांनी डोक्यालाच हात लावला. “मॅडम, आपण तो मर गये! बिल्डिंग तोडेगा क्या?” कुणी म्हणालं बिल्डरला पकडा, कुणी म्हणालं आमदाराकडे जाऊ, कुणी म्हणालं साहेबाला काहीतरी ‘समजावू’. शेवटी सगळे माझ्याकडे बघायला लागले. “मॅडम, तुम्हीच काढा नकाशा. तुमच्या सब्जेक्टचं आहे.” सब्जेक्टचं! मुलांना महाराष्ट्राच्या नद्या शिकवणं वेगळं आणि स्वतःचं घर रस्त्यातून उचलून बाजूला ठेवणं वेगळं. पण दुसरं होतंच कोण?

तर आम्ही नवराबायको रविवारी लांबलचक टेप घेऊन बाहेर पडलो. टेप ह्यांच्या ओळखीच्या एका कंत्राटदाराचा, होकायंत्र शाळेच्या कपाटातलं. लोक गॅलरीतून बघत होते आणि सूचना करत होते. उतरून टेप धरायला मात्र एकजण येईल तर शप्पथ.

आले ते काका. आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडमागे बांध होता, बांधापलीकडे काकांचं घर. कौलारू, पुढे पडवी, शेणाने सारवलेलं अंगण, अंगणात तुळस, बाजूला विहीर आणि दोन म्हशींचा गोठा. इथलं जुनं घराणं. एकेकाळी भात आणि मीठ दोन्ही पिकवायचे. आता मुलगा काशीमीऱ्याला गॅरेजात होता आणि शेती नावाला उरली होती. आमच्या पहिल्या उन्हाळ्यात टँकर आला नाही की सगळी बिल्डिंग कळशा घेऊन काकांच्या विहिरीवर. काकी कधी नाही म्हणाली नाही. उलट मला ओरडायची, “बाय, वाकून भरू नको, कंबार जाईल. ठेव तितं, मी भरतंय.” गिरगावात शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तरी ती लक्षात ठेवायची. इथे ही बाई अख्ख्या बिल्डिंगला पाणी पाजत होती.

काकांनी टेपचं टोक धरलं आणि इतक्या उत्साहाने धरलं की विचारू नका. बांध कुठून कुठे, नाल्याला भरतीचं पाणी कुठवर चढतं, सगळं सांगत होते. आम्ही आमची बिल्डिंग मोजली, मग मागे सरकलो आणि काकांचं घर मोजायला घेतलं.

ते मोजणं गरजेचं होतं. पुढच्या बाजूला पक्क्या बिल्डिंगी, म्हणजे रस्ता पुढे सरकवता येत नव्हता. मागे सरकवला की आमची बिल्डिंग सुटत होती, पण रस्ता थेट काकांच्या अंगणात शिरत होता. म्हणून मी दोन वळणं आखायची ठरवली होती. एक वळण आमच्या बिल्डिंगला सोडून आणि थोडं पुढे दुसरं, काकांचं घर सोडून, पडीक खाचरांतून. कुणाचं घर जात नव्हतं. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटत होती.

तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं. काकांचं घर तर त्यांच्या आजोबांच्या वेळचं. आम्ही नंतर आलो म्हणून आम्ही नकाशात नाही, ठीक. पण हे घर का नाही? हॉलमधल्या त्या नकाशात इथेही खाचरंच होती.

मी काकांना विचारलं.

काका हसले. चोरून पेरू तोडलेल्या मुलासारखे हसले. “मीच न्हाय दावला.”

“काय?”

“मोजनीवाला आला तवा मी सांगितला, हितं घर न्हाय. गोठा हाय. पेंढा ठेवायला.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे. “अहो पण का?”

काकांनी टेप खाली ठेवला आणि मला समजावायला बसले, जसं लहान पोराला समजावतात. हायवे झाला तेव्हा मोजणीवाले आले होते. काकांच्या आजाने त्यांना सगळं हौसेने दाखवलं. हा आमचा बांध, हा आंबा, हे शेत. गूळ-पाणी दिलं. जे जे दाखवलं ते ते रस्त्यात गेलं. आजाचा भाऊ मोठा वस्ताद. त्याने काहीच दाखवलं नाही, पडीक आहे म्हणाला, आणि त्याचं शेत वाचलं. तेव्हापासून ह्या घरात रीतच पडली. टेप घेऊन कुणी आला की काही दाखवायचं नाही.

“सरकारला जा दिसतंय ना बाय, ता सरकार घेतंय. न्हाय दिसला तर कसा घेईल?”

मी, जी वर्गात चाळीस पोरांना गप्प करते, ती तिथे बांधावर तोंड उघडं टाकून बसले होते. कारण त्यांचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं हो! त्यांच्या घराने ते भोगलं होतं. फक्त ते आता उलटं झालं होतं, आणि हे मला सांगता येईना. मी परोपरीने सांगून बघितलं. काका, तेव्हा हायवेला जमीन लागत होती म्हणून घेतली. आता हे लोक रिकामी जागा बघून रस्ते आखतायत. जिथे घर दिसेल तिथून ते वळवतील. जिथे काही दिसणार नाही तिथून सरळ नेतील. तुम्ही दिसला नाहीत तर जाल.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तू शिकलेली हायेस. पन तू काल आलीस.”

आणि टेपचं टोक पुन्हा काही धरलं नाही.

मी त्यांचं घर तरीही काढलं. त्यांना सांगून काढलं, चोरून नाही. “काका, मी डोळ्यांनी बघतेय ते काढणार. खोटा नकाशा मला काढता येत नाही.” काका उठून गोठ्याकडे गेले. काकीने त्या दिवशी चहा दिला नाही.

नकाशा झाला सुरेख. उगाच नम्रपणा कशाला? मोठ्या ड्रॉइंग शीटवर, काळ्या शाईत, प्रमाण लिहून, उत्तर दिशा दाखवून. आमची बिल्डिंग, काकांचं घर, विहीर, गोठा, नाला, बांध, आणि तुटक रेघांनी माझा दोन वळणांचा रस्ता. सेक्रेटरींनी तो बघून मला नमस्कारच केला.

सुनावणीला आम्ही बिल्डिंगमधले बरेचजण गेलो. आसपासच्या जमीनवाल्यांनाही बोलावलं होतं. काका पांढरंशुभ्र धोतर-टोपी घालून मागच्या बाकावर बसले होते. मला बघून त्यांनी मान हलवली. मला बरं वाटलं. वाटलं, मनातून पटलं असेल.

साहेब तेच होते, हॉलमधले. त्यांनी माझी शीट टेबलावर पसरली, सहकाऱ्यांना बोलावून दाखवली. “ह्याला म्हणतात हरकत. बाकीचे नुसते शिव्या देतात.” सगळे हसले. सेक्रेटरींनी मला कोपराने ढोसलं. साहेबांनी पहिल्या वळणावर पेन्सिल ठेवली. “बिल्डिंग आहे, परवानगीचे कागद आहेत. हे वळण द्यावं लागेल.” मग पेन्सिल पुढे सरकली. “आणि हे दुसरं कशासाठी?”

“तिथे घर आहे. जुनं घर आहे,” मी म्हटलं. “मालक इथेच बसलेत.”

साहेबांनी मागे बघितलं. “कोण मालक?”

काका उठले. टोपी काढली, हातात घेतली.

“तुमचं घर आहे का तिथे?”

“न्हाय साहेब,” काका म्हणाले. “हितं घर न्हाय. गोठा हाय.”

शंभर माणसांसमोर माणूस उभा राहून शांतपणे सांगतोय, माझं घर नाही! ज्या घरात तो जन्मला, ज्याच्या अंगणात त्याच्या मुलीचं लग्न लागलं, ते नाही! “काका!” मी ओरडलेच. “अहो काय बोलताय? साहेब, हे घाबरून बोलतायत. मी त्या घरात चहा प्यायलेय!”

“बाई, तुम्ही बसा,” साहेब म्हणाले. “मालक स्वतः सांगतायत.”

“मालक खोटं सांगतायत!”

हे ऐकून हॉलमध्ये कुजबुज झाली. काका माझ्याकडे बघतही नव्हते. साहेब शेवटी म्हणाले, “ठीक आहे. आम्ही माणूस पाठवू. जागेवर जे दिसेल ते धरू.” मी हुश्श केलं. जागेवर दिसेल ना! कौलारू घर काय खिशात लपवणार आहेत?

त्यांनी लपवलं.

तो माणूस आला तेव्हा मी शाळेत होते. दुपारी घरी येताना बांधावरून बघते तर आंब्याखाली काकीचा संसार मांडलेला. भांडी, गोधड्या, देवांचं तबक, पाटा-वरवंटा, सगळं झाडाखाली. काकी आणि सून तिथे बसलेल्या. घराच्या पडवीत दोन्ही म्हशी बांधलेल्या. पुढचं दार दिसतच नव्हतं, उंचच उंच पेंढा रचलेला. अंगणातली तुळस मातीसकट उपटून विहिरीमागे ठेवलेली. अंगणभर शेण. खरं सांगते, मला क्षणभर माझीच शंका आली. इथे घर होतं ना?

“काकी, हे काय केलंत?”

“श्श! मोजनीवाला आला हाय.”

मोजणीवाला विहिरीपाशी शहाळं पीत होता. काका शेजारी उभे. मी चप्पल हातात घेऊन चिखलातून धावत गेले. “अहो, हे घर आहे! तो पेंढा बाजूला करून बघा, आत चूल आहे! ती बघा भांडी झाडाखाली!”

तो पोरगेला माणूस गोंधळला. काका मात्र गोड हसले. “बाय नवीन हायत. त्यांना काय ठावं. भांडी काय, आज शेतावर जेवन होता.” मग माझ्याकडे वळून अगदी हळू, विनवल्यासारखं म्हणाले, “बाय, जा ना तू घरी. कशाला आमच्या वाईटावर?”

तुमच्या वाईटावर! मी! मला रडू फुटलं. रागाने की कशाने, कळलं नाही. मोजणीवाल्याने पडवीतल्या म्हशींकडे बघितलं, पेंढ्याकडे बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि स्कूटरला किक मारून गेला. मी नंतर दोनदा ऑफिसात जाऊन आले. साहेब म्हणाले, “मालक नाही म्हणतात, आमचा माणूस गोठा म्हणतो. एकट्या तुम्ही घर म्हणता. आणि घर तुमचं नाही. मी काय करू?” मी त्यांच्या जागी असते तर काय वेगळं केलं असतं?

संध्याकाळपर्यंत काकीने पेंढा काढला, अंगण सारवलं, तुळस लावली. दुसऱ्या दिवशी मला डबा पाठवला, जवळ्याची चटणी. भांडण संपलं, असा त्याचा अर्थ. मी खाल्ली ती चटणी.

पुढे काही वर्षं काहीच झालं नाही. सरकारी काम, लोक विसरलेही. मीरा रोड चारी बाजूंनी वाढत गेलं, पेणकरपाड्याकडे जाताना शेतं शोधावी लागायची. मला वाटायला लागलं, ह्या सगळ्या धांदलीत तो रस्ता कुठल्या तरी फायलीत मेला असेल. काकांनीही मला एकदा डिवचलं. “कसा बाय? तुजा रस्ता आला का?” आणि मी मनापासून म्हटलं होतं, “नको येऊ दे, काका.”

मग आराखडा मंजूर झाल्याची बातमी आली. सेक्रेटरी आमच्या भागाच्या नकाशाची प्रत घेऊन जिना धावत चढले. आमची बिल्डिंग होती. काळ्या रेघेत, नीट, कोपऱ्यांसकट. रस्ता आमच्या कंपाउंडला वळसा घालून मागून जात होता, मी आखला होता अगदी तसा. “मॅडम, आपका लाईन!” सेक्रेटरी ओरडत होते. खाली पेढे वाटले. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. सगळे हसत होते, हे पण हसत होते, आणि मी तो कागद हातात धरून उभी होते. पहिलं वळण होतं. दुसरं नव्हतं. आमच्या मागून रेघा सरळ, पट्टीने मारल्यासारख्या गेल्या होत्या. तिथे ना विहीर, ना पडवी. कोरा कागद आणि त्याच्यावरून रस्ता.

आमच्या लोकांना मी दाखवलं. एकदोघं हळहळले. सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, आपने तो बोला था उनको. आप क्या कर सकते हैं?” खरंच होतं ते. आणि तरीही हातातला पेढा मी परत खोक्यात ठेवला. मी हार काढून जिन्याच्या कठड्यावर ठेवला आणि नकाशा घेऊन बांध ओलांडून गेले.

काका पडवीत सुंभ वळत होते. काकी तांदूळ निवडत होती. कागद बघितल्याबरोबर काका सावरून बसले.

“आला काय? दाव.”

मी जमिनीवर पसरला. काकांना वाचता येत नव्हतं, पण नाला त्यांनी लगेच ओळखला. मग आमची बिल्डिंग. तिच्यावरून बोट हळूहळू मागे आणलं, बांधाच्या पलीकडे, आणि तिथे थांबवलं. पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. मग त्यांचा चेहरा असा खुलला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“न्हाय!” ते काकीला म्हणाले. “बघ, न्हाय हाय आपला घर. गोठा पन न्हाय. मी सांगत व्हतो ना? वाचलो!” मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “रडू नको बाय. तुजा पन वाचला, माजा पन वाचला.”

काकी देवापुढे साखर ठेवायला उठली. मी तिचा हात धरला, खाली बसवलं.

“काका,” मी म्हटलं, “ह्या दोन रेघा दिसतायत?”

“हां. बांध.”

“बांध नाही, काका. रस्ता आहे. साठ फुटी. इथून येतो आणि इथून जातो.” मी बोट ठेवलं. “आपण आत्ता बसलोय, ती ही जागा.”

त्यांना कळायला वेळ लागला. आधी त्यांनी कागदाकडे बघितलं, मग पडवीच्या खांबाकडे, मग अंगणाकडे, मग पुन्हा कागदाकडे. “पन हितं तर काय न्हाय दावला,” ते म्हणाले.

“म्हणूनच, काका.”

काकीच्या मांडीवरचं सूप सरकलं, तांदूळ सांडले. तिने ते गोळा केले नाहीत. मला वाटलं, आता काका मला शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या, मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी फक्त माझा हात दोन्ही हातांत घेतला. इतकी वर्षं मला खोटं पाडणारा तो माणूस लहान मुलासारखा माझ्याकडे बघत होता.

“बाय,” ते म्हणाले, “तू जाऊन सांग ना त्यांना. सांग, हितं घर हाय म्हनून. तू बघितलंयस ना? तुजा ऐकतील ते.”